पुढारी वर चढला, आपला कागद कुठे राहिला?



गेल्या महिन्यात आम्ही चौघे बीड जिल्ह्यातल्या तेलगावला जाऊन आलो. पाड्यावर म्हाताऱ्यांनी विचारलं, तिथं ना डोंगर ना साग, कशाला जाता? गेलो ते गायरानधारकांच्या बैठकीला. तिकडचे दलित, पारधी, भूमिहीन लोक गायरान कसतात, आपण जंगलातलं नेवाड कसतो. सरकार दोघांनाही अतिक्रमणदारच म्हणतं. आणि दोघांच्या हातात कागदही एकच आहे, २७ डिसेंबर १९७८ चा सरकारी निर्णय.

बैठकीत तो कागद वाचला तेव्हा एका बाबांनी साखर कारखान्याच्या धुराड्याकडं हात केला. म्हणाले, "हा कागद निघाला तवा आमच्या जिल्ह्याचा माणूस उपमुख्यमंत्री होता." मंडळी हसली. आम्ही मात्र परत येईपर्यंत त्याच गोष्टीवर बोलत होतो.

तो माणूस म्हणजे सुंदरराव सोळंके. १९७८ च्या मार्चमध्ये वसंतदादांचं सरकार आलं, दोन काँग्रेसचं मिळून. चार महिन्यांत ते पडलं. १२ जुलैला शरद पवार, सुशीलकुमार शिंदे, दत्ता मेघे आणि सुंदरराव सोळंके यांनी मंत्रिपदाचे राजीनामे दिले. १८ जुलैला जनता पक्षाला बरोबर घेऊन पुलोदचं सरकार बसलं. पवार मुख्यमंत्री, सोळंके उपमुख्यमंत्री. सहा दिवसांत सरकार उलथलं आणि नवं बसलं! आपल्या नेवाडाचा साधा पंचनामा व्हायला किती वर्षं लागली ते ज्यानं त्यानं मोजावं.

आता खरं ते खरं म्हटलं पाहिजे. आपला निर्णय त्याच सरकारनं काढला. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातल्या अतिक्रमणाची जमीन कसणाऱ्याच्या नावे करायची, असं त्यात आहे. गायरान, पडीक आणि जंगल, तिन्ही. तो भीक म्हणून निघाला नव्हता. ७२ च्या दुष्काळानं पोटाला चिमटा बसला, लोकांनी जमिनी फोडल्या, मोर्चे काढले, जेलात गेले, म्हणून निघाला. पण निघाला, हे आम्ही नाकारत नाही.

पुढं काय झालं? निर्णय मंत्रालयातून निघाला आणि तहसील कचेरीत जाऊन निजला. तलाठ्यानं एक-ई च्या रजिस्टरला नाव लावलं नाही. गार्डानं पीओआर फाडला, दंड घेतला, पावती काही दिली नाही. १७ फेब्रुवारी १९८० ला पुलोद सरकार बरखास्त झालं. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला दिल्लीनं वन संवर्धनाचा कायदा आणला. तेव्हापासून जंगलजमिनीचं काहीही विचारलं की उत्तर एकच यायचं, केंद्राची परवानगी लागते. मधल्या दोन वर्षांत ज्याचं नाव लागलं तो सुटला, बाकीचे लोंबकळत राहिले.

पुढारी मात्र कधी लोंबकळत नाही. खुर्ची गेली तरी जिल्हा राहतो. तेलगावला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या जागेला नावही सुंदरनगर. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, पाणी आलं, ऊस आला. ज्यांना जमीन होती त्यांना पाणी मिळालं, ज्यांना जमीनच नव्हती ते कोयता घेऊन परजिल्ह्यात निघाले. आम्ही गेलो तेव्हा टोळ्या हललेल्याच होत्या, निम्मी घरं बंद. कारखान्याच्या सावलीतला माणूस दुसऱ्याच्या कारखान्याला ऊस तोडतो! आणि १९९९ ला सोळंक्यांचे चिरंजीव माजलगावातून आमदार झाले, तेही कमळावर. बापाचा पक्ष वेगळा, मुलाचा वेगळा, वाडा तोच.

आमचं भांडण त्या एका घराशी नाही. आपल्या भागातलं कोणतंही घर घ्या, थोड्याफार फरकानं हीच वाट दिसेल. सोसायटी, पंचायत समिती, आमदारकी, कारखाना नाहीतर शिक्षणसंस्था, मग मुलगा. या वाटेवरची एक तरी पायरी आपल्या सातबाऱ्यावर टेकलेली आहे का? उलट सातबारा मिळाला तर आपण त्याच्या दारात कशाला जाऊ? जमीन अर्धवट ठेवण्यातच त्याची मतं आहेत. दर निवडणुकीला तोच "तुमचं नेवाड नावावर करतो" आणि दर निवडणुकीला तेच आपण!

हे आजच सांगायचं कारण आहे. २००२ च्या ३ मे ला केंद्राच्या वनखात्याचं पत्र आलं, ३० सप्टेंबरच्या आत सगळी अतिक्रमणं काढा म्हणून. मोर्चे झाले, तेव्हा १० ऑक्टोबरला राज्य सरकारनं नवा निर्णय काढला. जुने दावे पुन्हा तपासायचे, गावातच चौकशी करायची, कागद नसला तर जाणत्यांची साक्ष धरायची. शाई वाळली नाही तोच एका पुढाऱ्याची माणसं मोटारसायकलवरून पाड्यावर हजर. दंडाच्या पावत्या द्या, साहेब वरून काम करून देतील, खर्चाला पन्नास रुपये. तीन पाड्यांनी देऊनही टाकले. त्यातल्या एका बाईची १९७६ ची पावती होती, घरातला एकुलता एक पुरावा. ती आज कुणाच्या डिकीत आहे, कुणाला ठाऊक नाही.

काही जण म्हणतील, मोठा माणूस पाठीशी असला तर काम लवकर होतं. तेलगावच्या लोकांच्या पाठीशी तर राज्यातला दोन नंबरचा माणूस होता. त्यांच्याच जिल्ह्यातले गायरानधारक चोवीस वर्षांनी तोच कागद घेऊन बैठकीला बसलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले.

तेव्हा अस्सल पावती, पीओआर, जुनी नोटीस कुणाच्याही हातात देऊ नका, आपल्या कार्यकर्त्याच्यासुद्धा नाही. झेरॉक्स द्या, आणि कुणाला दिली ते लिहून ठेवा. ज्यांनी दिली आहे त्यांनी चार माणसं बरोबर घेऊन परत मागायला जा. ७८ च्या आधीचा खेडलेला तुकडा ज्यांनी डोळ्यांनी पाहिला अशी म्हातारी माणसं प्रत्येक पाड्यावर आता थोडीच उरलीत. त्यांना चौकशीच्या दिवशी उसाला, लग्नाला, कुठंही जाऊ देऊ नका. पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. आणि त्या बाईच्या पावतीसाठी येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही पुढाऱ्याच्या कचेरीवर जाणार आहोत. ज्या पाड्यांना यायचं त्यांनी भाकरी बांधून सकाळीच निघावं.