बेहड्याखालचे गणित

खोपोलीहून सुटलेली लोकल लौजी सोडते न सोडते तोच गुडघ्यांवर बॅगा आडव्या होतात आणि रमीचा डाव मांडला जातो. आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. क्वचित पाने हातीही धरली आहेत. या डावात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘मघापासून अडलंय, आता पत्ता यायलाच हवा.’ पत्त्याला मघाचे काही आठवत नसते, हे मात्र कोणी म्हणत नाही.

हिशेब अवघड नाही. बदामाची सत्ती आणि नव्वी हाती आहे, मधली अठ्ठी हवी. दोन कॅट आणि दोन छापील जोकर मिळून 106 पाने. आपली 13, एक उघडे पान आणि कापलेला जोकर वजा जाता न दिसलेली उरली 91. त्यांत बदामाची अठ्ठी फार तर दोनदा. जोकरचा आधार सोडला तर एका ओढीत ती मिळण्याची शक्यता सव्वादोन टक्क्यांच्याही आत. सत्तीबरोबर अठ्ठी असती तर छक्की चालली असती, नव्वीही. शक्यता दुप्पट झाली असती. पोकरमध्ये एका रंगाची चार पाने धरून पाचवे बदलून घेणाऱ्यासमोर 47 न दिसलेली पाने असतात, त्यांत कामाची 9. म्हणजे पाचांत एकदासुद्धा पुरते नाही. पुढच्या बोलीचा विचार बाजूला ठेवला, तर शंभर रुपये घालण्यासाठी मध्ये निदान 422 रुपये हवेत. एरवी तो डाव सोडावा.

मराठीच्या अध्यापकांनी यात का पडावे? आमच्या मते, पडायलाच हवे. वर्गात द्यूत आले की आपण सभापर्वावर थांबतो आणि ‘दैव’ हा शब्द उच्चारून मोकळे होतो. वनपर्वातले नलोपाख्यान पुढे जाते. ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि दोन फांद्यांवरची पाने पाच कोटी, फळे 2095 असे सांगतो. बाहुकाच्या रूपातला नल विश्वास ठेवत नाही. झाड पाडून मोजतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात अक्षहृदय मिळते आणि कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. संभाव्यतेच्या इतिहासावर 1975 साली ग्रंथ लिहिणाऱ्या इयान हॅकिंग यांनी या कथेची दखल घेतली. आम्ही मात्र तिला ‘अद्भुतरस’ म्हणून दोन गुण देतो. शिवाय वेदकाळचे फासे बेहड्याच्याच फळांचे. तो बेहडा आमच्या कर्जत-खालापूरच्या रानात आजही आहे. विद्यार्थी त्याला त्रिफळ्यातला एक म्हणून ओळखतात, इतकेच.

हे आमच्यावर शेकले ते असे. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. रमी प्रामुख्याने कौशल्याची, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1968 मधला निर्वाळा तोवर जाहिरातदारांना फार उपयोगी पडत होता. त्या आधीच्या एका वर्षी खालापूरकडचा आमचा एक विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरायला आला नाही. थोरल्या भावाने फीचे पैसे मोबाईलवरच्या रमीत घालवले होते. आम्ही दोघा भावांना बोलावून युधिष्ठिराचा दाखला दिला. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘सर, एकच पान अडलं होतं. येणारच होतं.’ तेव्हा 91 आणि 2 हे आकडे आम्हाला सुचले नाहीत. सुचले असते तरी ते सांगणे साहित्याच्या अध्यापकाचे काम, असे वाटले नसते. फीचे आम्ही चौघांनी मिळून पाहिले, ते असो.

युधिष्ठिरालाही बृहदश्व ऋषी अक्षहृदय देतात, पण सारे हरून वनात आल्यावर. विराटाच्या दरबारी तो द्यूतातला जाणकार कंक म्हणून वावरतो.

गेल्या सत्रात नलोपाख्यान शिकवताना आम्ही वर्गात पत्त्यांचा कॅट नेला. काहींना हसू आले. तास संपता संपता मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘नल हरत होता तेव्हा समोरच्या पुष्कराला हा हिशेब येत होता का?’ फाशांत कलीचा साथीदार शिरला होता, एवढे आम्ही सांगू शकलो. ‘म्हणजे ॲपसारखंच,’ ती म्हणाली.