राणीचे नाव, आमचे नाव

गेल्या नाताळच्या सुटीत धर्मग्रामातील काही तरुणांना घेऊन आम्ही गिरगावातून पायीच बोरीबंदरला गेलो. ठाकुरद्वार, धोबीतलाव मागे टाकून त्या भव्य वास्तूसमोर उभे राहिलो. लोकल गाड्यांतून उतरलेल्या माणसांचा लोंढा अंगावर येत होता. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, मधला घुमट, दगडात कोरलेले मोर पाहून मुले हरखून गेली. तेवढ्यात एकजण अभिमानाने उद्गारला, "फादर, हे सारे आपल्या लोकांचे वैभव!" आपले लोक म्हणजे कोण, असे आम्ही विचारले. "इंग्रज. तेही ख्रिस्तीच ना!"

हा समज त्या एकट्या मुलाचा नाही. आमच्यावर टीका करणारेही हेच म्हणतात, की तुम्ही इंग्रजांचे मागे राहिलेले वारस. अभिमानी आणि टीकाकार या दोघांचीही चूक एकच आहे.

मुंबई बेट इंग्रजांच्या राजाला 1661 सालच्या विवाहकराराने आंदण मिळाले. आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा त्याआधीचा, पोर्तुगीज अमलातला. तो अंमलही परकाच होता. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु इंग्रजांनी आम्हांला धर्म दिला नाही. उलट 1760 च्या सुमारास, किल्ल्यासमोरचे मैदान मोकळे हवे म्हणून तेथील एस्पेरान्सा मातेचे देऊळ पाडले गेले आणि ते भुलेश्वरला नव्याने उभारावे लागले. ज्यांच्या तोफांपुढे आमचे देऊळ टिकले नाही, त्यांच्या घुमटाचा वारसा आम्ही कोणत्या तोंडाने सांगावा? त्यातही त्या वास्तूचे कोरीवकाम करणाऱ्यांत मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी होते. अभिमान धरायचाच तर त्या हातांचा धरावा.

1887 साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला. स्थानकाला तिचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी आमच्या पुढाऱ्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव पत्करले. बाहेरून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपण वेगळे, कंपनी सरकारचे जुने प्रजाजन, हे दरबारी ठसावे असा हेतू होता. पोटापाण्याच्या त्या धडपडीला आम्ही दोष देत नाही. पुढे स्थानकाचे नाव 1996 साली बदलले, 2017 साली पुन्हा बदलले. घड्याळाखालचा राणीचा कोनाडा केव्हाच रिकामा झाला. आमचे नाव मात्र तेच राहिले. तेही बदला, असा आमचा आग्रह नाही. प्रश्न एवढाच आहे, की आमच्या मनातला कोनाडा रिकामा झाला काय?

तसे दिसत नाही. आजी मराठीत रोजरी म्हणते आणि नातवंडाला 'नमो मारिया' येत नाही. मराठी मिस्साला बाके ओस पडतात. खोताच्या वाडीत एकेकाळी सुमारे 65 घरे होती. त्यांतली निम्मीही आता उरली नाहीत. लाकडी जिने, ओसऱ्या पाडल्या जात असता आम्ही गप्प राहतो आणि राणीच्या स्थानकापुढे छायाचित्रे काढतो.

बोरीबंदरची ती वास्तू रचणारा फ्रेडरिक स्टीव्हन्स इंग्रज होता. 1579 साली गोव्यात उतरलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हेही इंग्रजच. एकाने दगडात साम्राज्याचे वैभव कोरले. दुसऱ्याने येथील माणसांची भाषा शिकून सुमारे 11 हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली छापले गेले. आम्ही वारस असूच, तर या दुसऱ्याचे आहोत. शब्द देहधारी झाला तो माणसांत वस्ती करण्यासाठी, हे त्यांनी ओळखले होते.

तेव्हा पालकांनो, मुलांना बोरीबंदर जरूर दाखवा. पण परतताना खोताच्या वाडीतून या आणि रात्री दिवा लावून 'आमच्या स्वर्गातील बापा' मराठीत म्हणा. राणीचा कोनाडा सरकारने रिकामा केला. आमच्या मनातला आम्हांलाच रिकामा करावा लागेल.