काळ्या पाण्यावर गेलेला तो पोरगा कोण होता?

पालीच्या विहारात परवा वंदना झाल्यावर अकरावीतल्या एका मुलाने मला विचारले, "वकील काका, काळ्या पाण्यावर गेलेल्यांत आपले कोणी होते का?" आजवर त्याने ऐकलेली सगळी नावे शिकल्यासवरल्या घरांतली होती.

होते, बाळा. अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली आणि तिथे सुमारे ८० हजार बंदी नेले गेले. सेल्युलर जेलमधले क्रांतिकारक त्यांत काही शेकडा. मग बाकीचे कोण? शेतकरी, मजूर, कोळी, भिल्ल, रामोशी, महार, मांग. त्याही आधी, १८१५ ते १८३७ या काळात, सुमारे १५०० हिंदी बंदी मॉरिशसला रस्ते बांधायला धाडले गेले. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. १८३६ साली चार्ल्स डार्विनने त्यांना तिथे पाहिले आणि आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलही हिंदी बंद्यांच्याच घामाचे. आपले बीड तेव्हा निजामाच्या मुलखात, पण शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांचा. अशा जिल्ह्यांतला अठरा-वीस वर्षांचा पोरगा पकडला गेला की ठाण्याच्या तुरुंगात, आणि तिथून जहाजावर.

गुन्हा काय? १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३९१ वाचा. पाच जणांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. कलम ३९५ प्रमाणे त्याला जन्मभर काळे पाणी देता येई. दुष्काळात पाच उपाशी माणसांनी सावकाराचे पेव बळजबरीने फोडले तर ते याच कलमात बसत. आणि कलम २२६ तर असे, की मुदत संपण्याआधी परत घरी येणे हाच गुन्हा, त्यालाही पुन्हा जन्मभर काळे पाणी! आईला भेटायला येण्याची ही शिक्षा. १९५५ च्या दुरुस्तीने हे कलम गेले आणि काळ्या पाण्याच्या जागी आजीव कारावास आला.

समुद्र ओलांडला की जात बुडते, म्हणून लोक काळ्या पाण्याला भीत, असे आपल्याला शिकवले जाते. ही भीती कोणाची? ज्यांच्याजवळ बुडवण्यासारखी जात होती त्यांची. महारा-मांगाच्या पोराचे काय बुडणार होते? त्याचे तुटत होते ते घर आणि माणसे. त्याचे दुःख इतिहासकारांनी दुसऱ्याच्या दुःखात घालून टाकले.

त्या पोराचा माग मात्र काढता येतो. बंद्यांबरोबर जाणाऱ्या याद्यांत नाव, बापाचे नाव, जात, धंदा, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गुन्हा आणि शिक्षा लिहिलेली असे. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी तुरुंगाच्या आठवणी लिहिल्या, त्यांची पुस्तके झाली. याला कोण शिकवणार होते? जोतीरावांनी पहिली शाळा काढली तीच मुळी १८४८ साली. म्हणून त्याचे चरित्र जेलरने लिहिले, तेही एका ओळीत.

त्या ओळीतला जातीचा रकाना मला वकील म्हणून बोचतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवार कामांची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले. म्हणजे इंग्रज गेल्यावरही तो रकाना पाऊणशे वर्षे जिवंत होता! संडास कोणी साफ करायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे जातीवरून ठरत होते. आजच्या वहीतून तो गेलाच पाहिजे, आणि आपल्या तुरुंगांत तो खरोखर गेला का हे आपण वकिलांनी जाऊन पाहिले पाहिजे. पण जुन्या दप्तरातला तोच रकाना आपल्याला आपल्या माणसापर्यंत नेतो. ज्या शब्दाने त्याला हिणवले, त्याच शब्दावरून आपण त्याला ओळखणार. दुसरी वाट नाही.

समाजातली पोरे पीएच.डी. करतात, त्याच त्या चार विषयांवर. या याद्यांना आपल्यातल्या किती जणांनी हात लावला?

मी त्या मुलाला म्हटले, मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात न्यायखात्याचे जुने दप्तर आहे. इंग्रजी लागेल, मोडीही उपयोगी पडेल. बारावी झाली की जाऊ. त्याने विचारले, गाडीभाडे? मी म्हटले, दोघांचे मी भरतो, तू वही घे.