पोट बिघडले की 'दोन गोया दे भाऊ'

पावसाळा लागला की अकोला असो की अमरावती, दर्यापूर असो की मूर्तिजापूर, औषधाच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते : "पोट बिघडलं, दोन गोया दे भाऊ." दुकानदार काही विचारत नाही. कात्रीने पट्टी कापतो आणि दोन गोळ्या कागदात बांधून देतो. गोळ्यांची नावे आणि त्या संपण्याची तारीख पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर, दुकानातच राहतात.

या गोळ्या बहुतेक वेळा मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोलच्या असतात. अमीबा आणि जिआर्डिया या आतड्यातील सूक्ष्म परजीवींवर ही खरोखर गुणकारी औषधे आहेत. त्यांच्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते 'दोन' या आकड्याविरुद्ध. अमीबाच्या आवेसाठी मेट्रोनिडॅझोल दिवसातून तीन वेळा, साधारणपणे पाच ते दहा दिवस घ्यावे लागते. मात्रा वय, वजन आणि आजार पाहून डॉक्टर ठरवतात. दोन गोळ्यांनी बरे वाटते, कारण साधे जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआपच थांबतात. श्रेय मात्र गोळीला मिळते आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच मागितली जाते.

शिवाय प्रत्येक जुलाब अमीबाचा नसतो. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलरा पसरला आणि माणसे दगावली. कॉलऱ्यात अमीबाची गोळी काही कामाची नाही. तेथे जीव वाचवते ती जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती कालवावी आणि पहिल्या जुलाबापासून द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. गोळीसाठी पाच मिनिटे रांगेत उभा राहणारा माणूस या पाण्याला औषध मानत नाही, ही मोठी अडचण आहे.

आता डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल लिहून दिलेच, तर ते जेवणानंतर घ्यावे. तोंडाला धातूची चव येते, मळमळते, कधी लघवी गडद होते. एवढ्याने घाबरून औषध सोडू नये. पण हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तोल जाऊ लागला किंवा अंगावर पुरळ उठले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करण्याची वॉरफेरिन ही गोळी घेणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि यकृताचे रोगी यांनीही न सांगता घेऊ नये.

दारूचे स्पष्टच बोलतो. या गोळ्यांवर दारू घेतली तर काहींना चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होतो. म्हणून औषध चालू असताना आणि संपल्यानंतर आणखी तीन दिवस एक थेंबही नको. पण दारू न पिणाऱ्यांनीही येथे थोडे थांबावे. हगवणीवर आपल्याकडे घरोघरी कुटजारिष्ट घेतले जाते. आसव-अरिष्टे आंबवून केलेली असतात, त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होते. खोकल्याच्या काही औषधांतही ते असते. तेव्हा दोन्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवा.

जुन्या वाचकांना एन्टेरो-व्हायोफॉर्म आणि मेक्साफॉर्म ही नावे आठवत असतील. पोट बिघडले की प्रवासाच्या पिशवीतून या गोळ्या निघत. त्यांतील क्लिओक्विनॉल या द्रव्याने जपानमध्ये सुमारे दहा हजार लोकांच्या मज्जातंतूंना इजा झाली. कोणाचे पाय बधिर झाले, कोणाची दृष्टी गेली. आधी कित्येक वर्षे हा एखादा संसर्गजन्य रोग असावा असा समज होता! अखेर सप्टेंबर १९७० मध्ये जपान सरकारने विक्री थांबवली. पोटाची गोळी म्हणजे निरुपद्रवी गोळी, हा समज किती महागात पडू शकतो ते तेथे दिसले.

दोष केवळ रोग्याचा किंवा दुकानदाराचा नाही. रोज शंभर रोगी पाहणाऱ्या डॉक्टरांना मलाची तपासणी सांगायला सवड नसते. मग जंतूंवरचे आणि परजीवींवरचे औषध एकाच गोळीत असलेली जोडगोळी लिहिली जाते. एक नाही तर दुसरे लागू पडेल! ज्या औषधाची गरज नाही त्याचेही दुष्परिणाम रोगी सोसतो, आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ही सवय डॉक्टरांनीच मोडली पाहिजे.

तपासणीचेही तंत्र आहे. पातळ मलाचा नमुना अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे; सकाळचा नमुना दुपारी नेला तर हालचाल करणारा अमीबा सापडत नाही. उलट, रिपोर्टात 'सिस्ट' लिहिले म्हणजे रोग झालाच असेही नाही. निरुपद्रवी अमीबाची सिस्ट हुबेहूब तशीच दिसते. आणि खरोखरच अमीबाचा रोग असेल, तर मेट्रोनिडॅझोल आतड्याच्या पोकळीतील सिस्ट पुरते काढत नाही. त्यासाठी नंतर डायलोक्झॅनाइडसारखे दुसरे औषध लागते, बहुधा दहा दिवस. 'दरवर्षी आव होते हो' असे सांगणाऱ्या पुष्कळांना हे दुसरे औषध कधी मिळालेलेच नसते. पुढच्या वेळी डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारा.

शौचात रक्त, ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा सुस्तावलेले, लघवी न झालेले मूल, यांपैकी काहीही असेल तर मेडिकलच्या दुकानात न जाता थेट दवाखाना गाठावा. जाताना घरातल्या सगळ्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्याव्यात.