राजधानी सातारा : राजधानी कोणाची आणि पाणी कोणाचे?

गाड्यांच्या मागच्या काचेवर 'राजधानी सातारा' लिहिलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मिरवणुकीत ते असते, फ्लेक्सवर असते, निवडणुकीच्या भाषणात तर हमखास असते. आपल्या गावाचा अभिमान असायला आमची काहीच हरकत नाही. पण राजधानी म्हटले की एक प्रश्न विचारावाच लागतो. त्या राजधानीत सिंहासनावर कोण होते हे शाळेत शिकवले जाते. तिथल्या नळाला हात लावायची परवानगी कोणाला नव्हती, हे कोण शिकवणार? आमचे म्हणणे साधे आहे. साताऱ्याचा इतिहास अर्धाच सांगितला जातो आणि जो अर्धा सांगितला जातो तोही सोयीने कापून.

आधी सिंहासनाचेच बोलू. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले हे शहर. किल्ला १६७३ मध्ये शिवरायांच्या ताब्यात आला. १७०० मध्ये औरंगजेबाने वेढा घालून तो घेतला, पुढे ताराराणींच्या काळात तो परत मिळाला. १७०८ च्या जानेवारीत शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि मराठी राज्याची गादी इथे आली. १७४९ च्या डिसेंबरात शाहू छत्रपती वारले. म्हणजे ज्या राजधानीचा एवढा गजर चालतो, ती खऱ्या अर्थाने राजधानी होती एक्केचाळीस-बेचाळीस वर्षे. पुढे काय झाले? कारभार पुण्याला गेला. छत्रपती साताऱ्यात नावापुरते उरले. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून जायची, पण वस्त्रे देणाऱ्याला स्वतःच्या मर्जीने वाड्याबाहेर पडता येत नव्हते. ज्यांनी शिवरायांच्या वारसाला नजरकैदेत ठेवले त्यांचे गुणगान आणि 'राजधानी सातारा'चा जयघोष एकाच तोंडातून कसा निघतो, हे आम्हाला आजवर कळलेले नाही.

दरवर्षी १ जानेवारी जवळ आला की आपल्याला देशभक्तीचे धडे दिले जातात. भीमा कोरेगावला लढलेले महार सैनिक स्वराज्याविरुद्ध लढले, असे सांगितले जाते. मित्रांनो, पुढच्या वेळी असे कोणी म्हणाले तर शांतपणे एकच प्रश्न विचारा : १८१८ च्या जानेवारीत स्वराज्याचे छत्रपती कुठे होते? छत्रपती प्रतापसिंह तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या ताब्यात होते. त्यांच्या कुटुंबाला आधी कोयनेच्या खोऱ्यातल्या वासोट्यावर ठेवले होते, मग बाजीराव त्यांना आपल्या छावणीबरोबर फिरवत होता. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, छत्रपती इंग्रजांच्या हाती आले आणि त्यानंतरच ते साताऱ्याच्या गादीवर बसू शकले. इंग्रजांनी हे काही धर्मादाय केले नाही. त्यांना आपल्या मुठीतला राजा हवा होता. पण छत्रपतींना कैदेत ठेवणारी सत्ता म्हणजे स्वराज्य, आणि तिच्याविरुद्ध लढणारे देशद्रोही, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

प्रतापसिंहांची कहाणी तर प्रत्येक बहुजन तरुणाने वाचायला हवी. ते शिकलेले, शिक्षणाची आवड असलेले, कामसू राजे होते. त्यांनी शाळा काढल्या, रस्ते केले, शहरात पाणी आणले. आणि सनातन्यांनी त्यांच्यापुढे वाद कोणता उभा केला? कलियुगात क्षत्रिय उरलेलेच नाहीत, ब्राह्मण आणि शूद्र एवढेच उरले, म्हणून मराठ्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही. छत्रपतीच्या तोंडावर, छत्रपतीच्या राजधानीत हे म्हणण्याची हिंमत जातिव्यवस्था देते. या वादात प्रतापसिंहांच्या विरोधात उभे राहिलेले बाळाजीपंत नातू इंग्रजांच्याही जवळचे होते. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांवर कटाचे आरोप ठेवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचाही आरोप त्यात होता. त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि १८४७ मध्ये ते तिथेच वारले. रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे दाद मागत राहिले, पण काही उपयोग झाला नाही. १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केले. हा सगळा इतिहास प्रबोधनकार ठाकऱ्यांनी पोटतिडकीने मांडला. आज त्यांचे नाव घेणारे पुष्कळ आहेत. त्यांचे हे लेखन वाचणारे किती आहेत?

पण इथे थांबलो तर आपणही अर्धाच इतिहास सांगू. वेदोक्ताचा वाद हा शिडीच्या वरच्या पायऱ्यांवरचा वाद होता. आपल्यालाही क्षत्रिय म्हणा, एवढीच त्यातली मागणी. शिडी मोडा, असे तिथे कोणी म्हणत नव्हते. अजिंक्यताऱ्यासारखे गड उभे राहिले ते फक्त गडावरच्या सरदारांच्या जोरावर नाही. गडांच्या घेऱ्यात, रानात, चोरवाटांवर रात्रंदिवस पहारा देणारे रामोशी होते, महार होते, मांग होते. त्यांना काय मिळाले? वतन नावाची बेडी. गावकी, वेठबिगार आणि उतरलेले अन्न. गादी सातारच्या छत्रपतींची असो, सत्ता पेशव्यांची असो की कंपनी सरकारची, गावाबाहेरची वस्ती गावाबाहेरच राहिली. तीन सत्ता बदलल्या तरी ज्या वस्तीची जागा बदलत नाही, त्या वस्तीने 'आपली राजधानी' म्हणून कशाचा अभिमान धरायचा?

आता पाण्याचे. साताऱ्याला पाणी डोंगराने दिले. प्रतापसिंहांच्या काळात यवतेश्वराच्या डोंगरातून शहरात पाणी आणले गेले, पुढे कासच्या तलावातून आले. डोंगर जात विचारत नाही. पाणी उतारावरून खाली येते, सगळ्यांसाठी येते. जात सुरू होते ती नळाशी.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव नोंदवले गेले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. सुभेदार रामजी साताऱ्यात नोकरीला आले होते, आई भीमाबाई याच शहरात गेल्या. तिथल्या शाळेबद्दल बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात सांगून ठेवले आहे. वर्गात इतर मुलांपासून वेगळे, कोपऱ्यात बसायचे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट शाळेचा शिपाईही उचलत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिक्षकाची परवानगी पुरेशी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. साताऱ्यात धोबी होते, घरी त्यांना द्यायला पैसेही होते, तरी कपडे बहिणीच धूत. न्हावी होते, तरी केस बहिणीच कापत. लक्षात घ्या, हे गरिबीचे वर्णन नाही. खिशात पैसे असूनही जे विकत मिळत नाही, त्याला जात म्हणतात. 'आता सगळा प्रश्न आर्थिक आहे' असे म्हणणाऱ्यांना साताऱ्याच्या या नळापाशी आणून उभे करावे.

१९०१ मध्ये ही मुले वडिलांना भेटायला निघाली. वडील तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार होते. अंगावर नवे कपडे, डोक्यावर भरजरी टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरली तेव्हा स्टेशनमास्तर कौतुकाने विचारपूस करत होता. 'महार' हा शब्द कानावर पडला आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा कुठे एक गाडीवान तयार झाला, आणि तोही कसा? गाडी मुलांनी हाकायची, तो शेजारून चालणार. डबे खाण्याने भरलेले होते, पण पाणी कोणी दिले नाही. जकातीच्या नाक्यावर 'आम्ही मुसलमान आहोत' असे सांगून पाहिले, तरी मिळाले नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या, कृष्णा-वेण्णेच्या जिल्ह्यात चार लेकरांनी तहानेने रात्र काढली.

तेव्हा राज्य इंग्रजांचे होते, शाळा सरकारी होती, रेल्वे इंग्रजांची होती. कायद्याने दार उघडले होते, म्हणून नाव रजिस्टरमध्ये चढले. पण दाराच्या आत जातीचेच राज्य होते. आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात संस्था आणि व्यवहार यांतला फरक शिकलो, त्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. प्रवेश मिळणे म्हणजे समता मिळणे नव्हे. सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, याच सह्याद्रीच्या पलीकडे महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली. महाडची तहान साताऱ्यात लागली होती, असे आम्ही मानतो.

आणि या मातीने उत्तरेही दिली आहेत, ती विसरून चालणार नाही. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातले. सावित्रीमाई नायगावच्या, त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. दोन्ही गावे सातारा जिल्ह्यात. सत्यशोधक विचार याच जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या ओसरीपर्यंत पोचला. त्याच विचारातून आलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकत्र राहायची, एकत्र जेवायची, काम करून शिकायची. बोर्डिंगातली चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या शहरात भिवाला गोणपाट वेगळे घ्यावे लागले, त्याच शहरात पाव शतकाच्या आत महाराचे आणि मराठ्याचे पोर एका पंगतीला बसले. आमच्या लेखी साताऱ्याची राजधानी म्हणून खरी कमाई ही आहे. तिचे स्टिकर कोणी छापत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : 'तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात काढता.' अहो, जात आम्ही काढलेली नाही. रजिस्टरात, नळावर, मसूरच्या स्टेशनात ती आधीच होती. आम्ही फक्त ती झाकू देत नाही. जुलमाची आठवण काढल्याने फूट पडत नाही. आठवण काढणाऱ्याला गप्प बसवल्याने पडते.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. 'गादी, किल्ले, छत्रपती यांच्याशी आपला काय संबंध? तो त्यांचा इतिहास.' ही भूमिका आम्हाला मान्य नाही. शिवराय आणि प्रतापसिंह त्यांनाच देऊन टाकले, तर त्यांना कैद करणाऱ्यांचे वारस उद्या त्यांचे पुजारी होतील. काही ठिकाणी झालेही आहेत. १८९९ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहूंना वेदोक्त नाकारले गेले. तो अपमान त्यांनी स्वतःच्या जातीपुरता ठेवला नाही. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या आणि १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत तरुण बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. अपमानातून शिडीची वरची पायरी मागायची की शिडीच मोडायची, हा निवडीचा प्रश्न आहे. आज आरक्षणाच्या नावाने एकमेकांसमोर उभ्या केल्या जाणाऱ्या मराठा आणि दलित तरुणांना ही निवड समजावून सांगणे हे आपले काम आहे. तिरस्काराने ते होणार नाही. इतिहासाच्या पुराव्याने होईल.

शेवटी ७ नोव्हेंबर. साताऱ्यातल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे शाळा प्रवेश दिन साजरा केला, पाठपुरावा केला, तेव्हा २०१७ मध्ये राज्य सरकारने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. हे चळवळीचे यश आहे. पण आता त्या दिवशी काय होते? फोटोला हार, दोन भाषणे, निबंध स्पर्धा, संपले. जे सरकार बाबासाहेबांच्या प्रवेशाचा दिवस साजरा करते, त्याच सरकारच्या दारात शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर न आल्याने आपली मुले हेलपाटे मारतात. वसतिगृहात जागा नाही म्हणून स्वाधारचा अर्ज करावा, तर तिथे वार्षिक अडीच लाखांची अट. महिन्याचे एकवीस हजारही होत नाहीत. आई-बाप दोघेही राबत असतील तर ही अट ओलांडली जाते, पण शहरातले खोलीभाडे आणि खानावळ काही त्यामुळे परवडायला लागत नाही. गोणपाट गेले, त्याच्या जागी पोर्टलवरचे 'प्रलंबित' आले.

म्हणून साथींनो, येत्या ७ नोव्हेंबरला हार घाला, पण तिथेच थांबू नका. आपल्या तालुक्यात किती मुलांची शिष्यवृत्ती अडकली आहे याची यादी करा. समाजकल्याणच्या वसतिगृहात जा, पाणी येते का, जेवण कसे आहे ते पाहा, लेखी निवेदन द्या, पोच घ्या. माहितीचा अधिकार वापरा. गावच्या शाळेत पोषण आहाराची पंगत एकच बसते का, पाण्याचे भांडे एकच आहे का, हे डोळ्यांनी पाहा. आणि त्या शाळेतल्या सगळ्या जातींच्या मुलांना प्रतापसिंहांची कैद, भिवाचे गोणपाट आणि भाऊरावांची पंगत या तीनही गोष्टी एका बैठकीत सांगा.

किल्ला डोंगरावर आहे, तो राहीलच. नळ खाली शाळेत आहे. तो प्रत्येक लेकराला स्वतःच्या हाताने उघडता यावा, यासाठी आपण आहोत.

जय भीम! जय फुले! जय शाहू!