चौथी सीट

न्यूयॉर्कच्या विमानतळावर रात्री साडेदहाच्या सुमारास एका खांबाभोवती पंधरा-सोळा माणसं घुटमळत होती. खांबाला चार प्लग, त्यातले दोन बंद. गेटवरच्या बोर्डाने आमचं लंडनचं विमान आधी साडेनवाला, मग अकराला, मग बारा चाळीसला सोडून पाहिलं होतं. आता तो नुसताच ‘डिलेड’ म्हणत होता.

मी ओहायोतल्या कोलंबसहून आलो होतो. मुलाकडे अडीच महिने काढून परत डोंबिवलीला निघालो होतो. कोलंबसलाच आमचं विमान दारं लावून 2 तास 50 मिनिटं उभं राहिलं, कारण न्यूयॉर्कवर वादळ. याला ‘ग्राउंड स्टॉप’ म्हणतात. जिथे उतरायचं तिथे वादळ किंवा गर्दी असली, की तिकडे निघालेली विमानं आपापल्या गावीच अडवून धरायची. कुर्ला आणि विद्याविहारच्या मधे उभ्या राहिलेल्या लोकलमध्ये माझी एकतीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे मला हे समजायला जड गेलं नाही. अमेरिकेत देशांतर्गत विमानात प्रवाशांना असं 3 तासांहून जास्त कोंडून ठेवता येत नाही, असा नियम आहे. आमची गाडी दहा मिनिटं आधी हलली. मध्य रेल्वेला असा काही नियम लावला तर काय होईल, याचा मी उरलेला वेळ विचार केला.

न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा लंडनचं विमान सुटून दहा मिनिटं झालेली असायला हवी होती. तरी पळालो. या वयात, पाठीवर सॅक, हातात सुनेने दिलेली पिशवी. गेटवर पोचलो तर गाडी लागलेलीच नव्हती. जे विमान आम्हाला नेणार तेच कुठेतरी दुसरीकडे अडकलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने प्रत्येकाच्या हातात जेवणाचं कुपन ठेवलं. तोवर एक कॉफीवाला सोडून सगळ्यांची शटरं खाली आली होती. रांगेत एक उंच, शिडशिडीत पोरगा होता. त्याने मोबाइलवर शोधून आम्हाला नुकसानभरपाईचं शास्त्र सांगितलं. युरोपियन युनियनचा 2004 सालचा 261 क्रमांकाचा नियम आहे. लांबच्या प्रवासात फार उशीर झाला तर माणशी 600 युरोपर्यंत मिळतात. सगळ्यांचे चेहरे उजळले. मग त्याने पुढचं वाचलं. अमेरिकेहून निघालेल्या अमेरिकी कंपनीच्या विमानाला तो नियम लागू नाही. आणि लागू असता तरी ‘वेदर’ हा अपवाद. काउंटरवरची मुलगी मघापासून दर वाक्यात ‘वेदर’ का म्हणत होती, ते तेव्हा कळलं. आमच्याकडे ‘तांत्रिक बिघाड’ जे काम करतो, ते तिकडे हा शब्द करतो.

तर तो खांब. सगळ्यांचे फोन मरायला टेकलेले, कारण सगळ्यांनी घरी कळवून कळवून ते संपवलेले. पहिली पाच मिनिटं नुसती नजरानजर झाली. प्लगला लागलेल्या दोन फोनांच्या मालकिणी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेवटी मी, सवयीने, त्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाईंना विचारलं, “तुम्ही किती टक्क्यांवर काढणार?”

वाचकांपैकी जे लोकलने जातात त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. तो ‘कुठे उतरणार?’ हाच प्रश्न आहे. ठाण्याला उतरणाऱ्याची सीट कळव्यापासूनच कुणीतरी बोलून ठेवलेली असते. बाई दचकल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, “साठ.” मी म्हटलं, “मग तुमच्यानंतर माझा.” त्यांना पद्धत आवडली. पलीकडच्या मुलीने ‘मी पन्नासला काढेन’ म्हणून आपणहून जाहीर केलं. वीस मिनिटांत त्या खांबापाशी सोळा जणांचं वेळापत्रक तयार झालं होतं. शिडशिडीत पोरगा माझ्यानंतर. बाईंनी साठला, अगदी साठला, वायर काढली. त्या न्यूयॉर्कला मुलीकडे नातू बघायला आल्या होत्या आणि आता परत लंडनला चालल्या होत्या. शिडशिडीत पोरगा सुतारकाम शिकत होता. हे सगळं मला प्लगमुळे कळलं. उशीर झाला नसता तर आम्ही एकमेकांच्या बॅगांना धडकून ‘सॉरी’ म्हणण्यापलीकडे गेलो नसतो.

एक दहाला विमान सुटलं. माझी सीट 41ई, म्हणजे मधल्या चौघांच्या बाकातली दुसरी. योगायोग असा, की उजवीकडे त्या पांढऱ्या केसांच्या बाई आल्या आणि डावीकडे, मधल्या वाटेच्या कडेला, तो सुतारकाम शिकणारा पोरगा. मला आनंद झाला. आता गप्पा होतील! पण पट्टे आवळल्याबरोबर दोघांनी कानाला हेडफोन लावले आणि आम्ही पुन्हा अनोळखी झालो. मघाशी एकाच वायरवर वाढलेली माणसं आता कोपर लागलं तरी चोरासारखं आत ओढून घेत होती.

असं का होतं, यावर मी अटलांटिकवर बराच विचार केला. दुसरं काही करायला जागाच नव्हती.

सेकंड क्लासच्या डब्यात तिघांच्या बाकावर चौथा बसतो. बसतो म्हणजे टेकतो. त्याचं अर्धं अंग बाहेरच असतं. हे कुठे लिहिलेलं नाही. पण चौथा समोर येऊन नुसता उभा राहिला तरी तिघं सरकतात, आणि जो सरकत नाही त्याच्याकडे सगळा डबा बघतो. आम्ही बसलो होतो ते बोइंग 777. हे विमान 1995 मध्ये सेवेत आलं तेव्हा बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत एका ओळीत नऊ माणसं बसवत. आता बऱ्याच कंपन्या तेवढ्याच रुंदीत दहा बसवतात. विमान काही फुगलेलं नाही. सीट साडेअठरा इंचांवरून सतराच्या आसपास आली आणि मधल्या वाटा चिंचोळ्या झाल्या. म्हणजे ही चौथी सीटच की! फरक एवढाच, की लोकलमधली चौथी सीट तिघं मिळून देतात. इथे ती आमच्या वतीने कंपनीने देऊन टाकली, तिचे पैसे स्वतः घेतले, आणि जागा दिल्याचं समाधानही आमच्याकडे ठेवलं नाही. मग माणसं कंपनीवर चिडायची ती हाताच्या दांडीवरून आणि मागे झुकवलेल्या पाठीवरून एकमेकांवर चिडतात.

खरं सांगायचं तर हे तिकीट मीच निवडलं होतं. नऊ हजार रुपये वाचत होते म्हणून मुलाशी वादही घातला होता. तेव्हा फार बोलत नाही.

जेवण आलं ते पावणेतीनला. ‘एशियन व्हेज’ लिहून दिलेल्यांना ट्रे सगळ्यांच्या आधी मिळतो. दोन्हीकडचे भुकेले शेजारी बघत असताना एकट्याने राजमा-भात जेवणं ही शिक्षा आहे. चवही लागत नव्हती. केबिनमधली हवा जवळजवळ कोरडी असते आणि तिचा दाब साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीवरच्या हवेइतका विरळ ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर, वारा न लागता, गुडघे हनुवटीशी घेऊन जेवायचं. मीठ आणि गोड दोन्ही तिथे जिभेला कमी लागतं. पिशवीत सुनेने दिलेलं लिंबाचं लोणचं होतं. ते काढलं, तेव्हा पुढच्या तीन ओळींतल्या माना वळल्या.

समोरच्या पडद्यावर नकाशा. त्यावर कॅनडाच्या टोकाला ‘गँडर’ असं नाव आलं. 11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेने आपलं आकाश बंद केलं तेव्हा समुद्रावरून येणारी 38 प्रवासी विमानं या गावात उतरवली होती. साडेसहा हजारांहून जास्त माणसं, आणि गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास. त्या लोकांनी शाळा उघडल्या, घरं उघडली, पाहुण्यांना अंघोळीला बोलावलं. कितीतरी प्रवासी तिथून निघताना रडले म्हणतात. गावाने सरकून घेतलं होतं. नकाशावरचं विमान मात्र गँडरवरून ताशी हजार किलोमीटरने पुढे निघून गेलं. पूर्वेकडे जाताना वरचा वारा पाठीशी असतो.

साडेतीनला, म्हणजे माझ्या घड्याळात, खिडक्यांच्या झडपांखालून उजेड आला. विमानात जुलैतली ती रात्र जेमतेम अडीच तासांची झाली. तेवढ्यात बाईंची मान हळूहळू कलली आणि माझ्या खांद्यावर टेकली. लोकलमध्ये याचाही नियम आहे. सकाळच्या गाडीला डोकं घाटकोपरपर्यंत राहू द्यायचं, मग खांदा हलकेच उडवायचा. इथे घाटकोपर कुठे मानायचं ते ठरेना. आयर्लंड धरलं. डावा पाय पार बधिर झाला होता, पण सुतारकाम शिकणारा पोरगा त्याच्या झोपेत केव्हाचा दोन बोटं सरकला होता, त्यामुळे निभावलं.

आयर्लंडवर मला खांदा उडवावा लागला नाही. त्या आपणच जाग्या झाल्या, केस सारखे केले. माफीबिफी मागितली नाही, हे मला आवडलं. हेडफोन काढून म्हणाल्या, “तुमचे किती टक्के?”

“एकोणीस.”

त्यांचा फोन बंद पडला होता. साठला काढल्यावर त्या रात्रभर पत्ते खेळत बसल्या होत्या. मुलगा न्यायला येणार होता. उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवर माझ्या फोनवरून त्याला निरोप धाडला: उतरले, बॅगेसाठी थांबलेय. त्या डावीकडे गेल्या, मी उजवीकडे. मुंबईच्या दुसऱ्या विमानाला दीड तास होता आणि तो सगळा सुरक्षा तपासणीच्या रांगेत गेला. माझा फोन तिथेच कधीतरी गेला.

विमानात चार्ज केलेला तो फोन मुंबईला पट्ट्यापाशी उभं राहून पुन्हा चालू केला. पट्टा रिकामा फिरत होता. माझी बॅग न्यूयॉर्कलाच राहिली होती, असं नंतर कळलं. ती तीन दिवसांनी घरी आली. फोनवर लंडनच्या नंबरवरून एक निरोप येऊन पडला होता, अकरा तासांपूर्वीचा: “घाई करू नकोस, आई. कॉफी घेऊन उभा आहे.”