चिटोऱ्यावरची इंग्रजी

माघी पौर्णिमेस सालेकसा तालुक्यांत कचारगडची यात्रा भरते, आणि त्याच सुमारास बारावी-दहावीच्या परीक्षा येतात. यात्रेचा घराला आनंद असतो. परीक्षेची धास्ती असते, आणि त्यांतहि इंग्रजीच्या पेपराची अधिक. त्या दिवशीं ठिकठिकाणीं काय चालतें हें कोणास सांगावयास नको. कोणी मामा खिडकीखालीं उभा, कोणी चिटोरें पोंचविणारा, आणि कोठें कोठें तर शिकविणाराच उत्तर सांगणारा! हा रोग एका तालुक्याचा नाहीं, साऱ्या महाराष्ट्राचा आहे. म्हणून तर १९८२ सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. परंतु आज आम्ही फौजदाराची भाषा बोलत नाहीं. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ही आपल्या घरची गोष्ट आहे.

कांहीं शिकलेले तरुण म्हणतात, "इंग्रजी ही साहेबाची भाषा. आमच्या पोराच्या घरीं गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी, शाळेंत मराठी, त्यावर ही आणखी एक माथीं मारलेली. तिला फसविलें तर पाप कसलें? तो प्रतिकारच आहे." यांतलें ओझें खरें आहे. २००० सालापासून आपल्या राज्यांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पण ती घरीं समजावून देणारें माणूस किती झोपड्यांत आहे? ओझें खरें, पण प्रतिकाराचा दावा मात्र साफ खोटा.

खरा प्रतिकार पाहावयाचा असेल तर आफ्रिकेकडे पाहा. केनिया देशांतील गुगी वा थिओंगो हा शेतकरी घरचा मुलगा. त्याच्या लहानपणीं शाळेंत मातृभाषा बोलणाऱ्या पोरांस छड्या बसत, नाहीं तर गळ्यांत 'मूर्ख', 'गाढव' असें लिहिलेली पाटी पडे. इंग्रजींत नापास तो सगळ्यांतच नापास. असें असतांहि त्यानें इंग्रजी चोरली नाहीं, कष्टानें मिळविली व तींत कादंबऱ्या लिहिल्या. पुढें १९७७ सालीं त्यानें शेतकरी-मजुरांबरोबर गिकुयू या मातृभाषेंत नाटक उभें केलें, तेव्हां सरकारनें त्याला तुरुंगांत टाकलें. तेथें संडासांतील कागदावर त्यानें गिकुयूंत कादंबरी लिहिली. ती १९८० सालीं छापली गेली. कागद लपविणारा तोहि होता. पण त्याच्या कागदावर त्याचें स्वतःचें लिहिणें होतें. आमच्या पोराच्या चिटोऱ्यावर दुसऱ्याचें असतें. प्रतिकार आणि चोरी यांत एवढेंच अंतर आहे, आणि तें फार मोठें आहे.

नायजेरियाचा चिनुआ अचेबे यानें १९५८ सालीं इंग्रजींत एक कादंबरी लिहिली. तिच्या शेवटीं गोरा जिल्हाधिकारी ठरवितो कीं, गांवच्या त्या मानी पुरुषाच्या साऱ्या आयुष्याला आपल्या पुस्तकांत एखादा परिच्छेद पुरे! आतां महाविद्यालयांत ही कादंबरी लावली, आणि विद्यार्थ्यानें ती न उघडतां गाइडांतला सारांश उतरला, किंवा मोबाइलांतील यंत्राकडून उत्तर लिहून घेतलें, तर त्यानें काय केलें? त्या साहेबाचेंच काम केलें. एका माणसाचें जिणें पुन्हां परिच्छेदांत कोंबलें, आणि वर आपल्या नांवानें सही केली.

आपल्याकडेहि हा धडा जुना आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' मराठींत लिहिली, पण तिची एक प्रस्तावना इंग्रजींत जोडली. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन ठेवलें तें इंग्रजींत. शेतकऱ्यांनीं सारा भरावा आणि त्यांच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड व्हावी, हें गाऱ्हाणें त्यांनीं राज्यकर्त्यांस त्यांच्याच भाषेंत ऐकविलें. त्या दिवशीं चिटोरें त्यांच्या कामास आलें असतें काय?

आमचे आजे पटवाऱ्यानें लिहिलेल्यावर आंगठा उठवीत. कागदांत काय आहे तें त्यांस कळत नसे. आज नातवाजवळ उत्तीर्णाचा दाखला आहे. परंतु जमिनीचा दावा उच्च न्यायालयांत गेला आणि निकाल इंग्रजींत हातीं पडला, म्हणजे तोहि दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. मग आजोबांच्या आंगठ्यांत आणि नातवाच्या सहींत फरक तो काय राहिला? चिटोरें पोंचविणारा मामा भाच्याचें भलें करीत नाहीं. त्याला जन्माचा परावलंबी करितो.

दोष एकट्या पोराचा नाहीं. निकालाची टक्केवारी फुगविणारी शाळा, गाइड विकणारा दुकानदार, आणि "कसाहि पास हो" म्हणणारा बाप, हे सारे त्यांत भागीदार आहेत. म्हणून आमचें सांगणें साधें आहे. वर्षभर इंग्रजीचा तास होतो कीं नाहीं, हें पालकांनीं शाळेंत जाऊन विचारावें. गांवांतील शिकलेल्यांनीं संध्याकाळीं चार पोरें घेऊन बसावें, आणि धडा गोंडींत, पोवारींत, मराठींत समजावून मग इंग्रजींत वाचावा. घरच्या बोलीबद्दल कोणीं पोरास हिणवूं नये. आणि इतकें करूनहि मुलगा नापास झाला, तर त्याला मारूं नका, पुन्हां बसवा.

धानाच्या बांधींत उसनें रोप लावतां येतें, पण तेंहि आपल्याच चिखलांत रुजवावें लागतें. अक्षराचेंहि तसेंच आहे. चुकलेलें वाक्य चालेल. तें पोराचें स्वतःचें असावें.